आफ्रिकन फुटबॉलचा कैवारी

इथिओपियाचे यिद्नेकाचेव तेसेमा (१९२१-१९८७) हे अदिस अबाबाच्या सेंट जॉर्ज क्लबचे आघाडीपटू. राष्ट्रीय संघाकडून खेळल्यानंतर ते त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. जानेवारी १९६२ मध्ये मायदेशी, सम्राट हैले सेलासी यांच्या साक्षीने, त्यांच्या संघाने बलाढ्य इजिप्तला जादा वेळेत ४-२ असे नमवून आफ्रिकन चषक जिंकला. इथिओपियाला तो मान पुन्हा लाभलेला नाही.

तथापि तेसेमांची खरी झुंज मैदानाबाहेरची. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकन फुटबॉल महासंघाच्या संस्थापकांपैकी ते एक. मिश्रवर्णीय संघ पाठविण्यास नकार देणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला पहिल्याच स्पर्धेत स्थान मिळाले नाही. १९६६ च्या विश्वचषकात आफ्रिकेसाठी हक्काची एकही जागा नव्हती. तेव्हा खंडाने घातलेल्या बहिष्कारामागे घानाच्या ओहेने जान यांच्यासह तेसेमाही होते. अनेकांना तो आततायीपणा वाटला असेल, पण १९७० मध्ये ती जागा मिळाली! १९७२ पासून अखेरपर्यंत महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले आणि वर्णद्वेषी राजवटीशी त्यांनी तडजोड केली नाही. १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संमिश्र संघाने आफ्रिकन चषक उंचावला, तेव्हा तेसेमांना जाऊन आठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता.