राजा दीनदयाळ : वास्तूंचा छायाचित्रकार

इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद या नगरांशी मराठी माणसाचे नाते फार जुने आहे. होळकरांची राजधानी, शिंद्यांचे संस्थान आणि ज्याच्या राज्यात मराठवाडा होता त्या निजामाची राजधानी म्हणून या तिन्ही नगरांची नावे मराठी घराघरांत परिचित होती. या नगरांतील व त्यांच्या परिसरातील वास्तू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कशा दिसत होत्या, हे आज जाणून घ्यायचे असेल तर ज्या माणसाकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही, तो मात्र मराठी नव्हता. मीरतजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात १८४४ साली जन्मलेले लाला दीनदयाळ नोकरीच्या निमित्ताने माळव्यात आले आणि पुढे भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासातले अग्रगण्य नाव ठरले. निजामाच्या मर्जीतले दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती मोठी आहे. परंतु दरबारापूर्वीचे दीनदयाळ, म्हणजे पडक्या मंदिरांतून आणि ओस किल्ल्यांतून काचेच्या पट्ट्या सांभाळत हिंडणारे दीनदयाळ, त्यामानाने कमी परिचित आहेत. त्यांच्या कार्याचा पाया तिथेच घातला गेला.

रुरकी येथील थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८६६ मध्ये ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत मुख्य एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. इमारतींचे आराखडे काढणे, मोजमापे घेणे, खर्चाचा अंदाज बांधणे हे त्यांचे रोजचे काम. भिंतीची जाडी, कमानीचा तोल, खांबाचे प्रमाण यांचा हिशेब करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. छायाचित्रणाकडे ते वळले ते १८७४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशीत. त्यामुळे कॅमेरा हाती येण्यापूर्वीच त्यांची नजर तयार झालेली होती. चित्रकाराला वास्तूत सौंदर्य दिसते, प्रवाशाला नवल दिसते. दीनदयाळांना तीत रचना दिसत असे. त्यांच्या छायाचित्रांतील उभ्या रेषा ढळत नाहीत, इमारत कुठल्या कोनातून पाहिली म्हणजे तिची दर्शनी बाजू आणि खोली एकाच वेळी उलगडेल याची निवड अचूक असते. हे गुण कचेरीतल्या टेबलावर कमावलेले होते.

त्यांच्यापूर्वी या देशात हे काम कोणी केलेच नव्हते, असे नव्हे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तीत उत्साहाने वावरत होते. अजिंठ्याची चित्रे उतरवून घेणाऱ्या मेजर रॉबर्ट गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही घेतली होती आणि जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह ती १८६४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली होती. सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने हिमालयापर्यंतची दृश्ये टिपली होती. मात्र मध्य भारताचा विस्तीर्ण मुलूख बराचसा अस्पर्श राहिला होता. तिथल्या संस्थानांत रेल्वे पुरती पोहोचलेली नव्हती, आणि जिथे गाडी जात नाही तिथे काचेचे सामान नेणे म्हणजे मोठेच दिव्य होते.

हे दिव्य नेमके काय होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. दीनदयाळांनी छायाचित्रण आरंभिले त्या काळी ओल्या काचपट्टीची पद्धत रूढ होती. स्वच्छ काचेवर कलोडियन हा चिकट द्रव सारख्या जाडीने पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून प्रकाश द्यायचा आणि वाळण्यापूर्वी पुन्हा अंधारात नेऊन चित्र प्रकट करायचे. सारा खेळ काही मिनिटांचा. म्हणून छायाचित्रकाराबरोबर अंधाऱ्या तंबूचा, रसायनांच्या बाटल्यांचा, पाण्याचा आणि काचांच्या पेट्यांचा लवाजमा चालत असे. चित्र मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात नसल्यासारखीच होती. कागद काचेला भिडवून उन्हात धरायचा, त्यामुळे जेवढे चित्र हवे तेवढीच मोठी काच वाहून न्यावी लागे. माळव्याच्या उन्हाळ्यात काचेवरचा लेप पाहता पाहता सुके. पुढे १८८० च्या दशकात तयार कोरड्या पट्ट्या मिळू लागल्या आणि तंबूचे ओझे उतरले, पण काचेचे वजन आणि ती फुटण्याची धास्ती कायमच राहिली.

आणखी एक अडचण प्रकाशाच्या स्वभावाची होती. त्या काळच्या पट्ट्यांना निळा रंग फार लवकर उमटे आणि तांबडा जवळजवळ उमटतच नसे. म्हणून त्या छायाचित्रांतले आकाश पांढरेफटक दिसते आणि तांबूस दगड प्रत्यक्षाहून काळवंडलेला दिसतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानसिंह तोमराच्या महालावर निळ्या चकाकत्या फरशांचे पट्टे आहेत. त्यांत हत्ती आहेत, बदके आहेत, केळीची झाडे आहेत. अशा भिंतीचा रंग काचेवर आणणे अशक्यच होते. मग उरते काय? आकार आणि सावली. सूर्य तिरपा असताना कोरीवकामाच्या कडा उठून दिसतात, माध्यान्हीला त्या सपाट होतात. वास्तूचे छायाचित्र घेणाऱ्याला कोणती बाजू सकाळी उजळते आणि कोणती सायंकाळी, हे आधी हेरून ठेवावे लागते. रंगाची उणीव दीनदयाळांनी अशी प्रकाशाने भरून काढली.

इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना उत्तेजन दिले. गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातील एजंट सर हेन्री डेली यांचाही त्यांना पाठिंबा होता. लवकरच इंदूरला त्यांची स्वतःची चित्रशाळा उभी राहिली. नोकरी मात्र चालूच होती. डेलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांनी १८८२-८३ मध्ये आपल्या दौऱ्यात दीनदयाळांना बरोबर घेतले आणि त्यांच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे वास्तुचित्रण या दौऱ्यात घडले. ग्वाल्हेर, दतिया, ओरछा, खजुराहो, सांची अशी स्थळे त्यांनी पालथी घातली. यातून १८८६ मध्ये लंडनहून 'फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ८० हून अधिक छायाचित्रे होती.

या ग्रंथाच्या छपाईलाही महत्त्व आहे. अक्षरांबरोबर त्याच पानावर छायाचित्र छापण्याची ठिपक्यांची पद्धत तेव्हा सर्रास रुळलेली नव्हती. एक तर मूळ प्रती हाताने पानांवर चिकटवाव्या लागत, आणि त्या काही वर्षांत पिवळ्या पडत. ग्रिफिन यांच्या ग्रंथासाठी ऑटोटाइप नावाची, चित्र फिके न पडणारी पद्धत वापरली गेली. त्यामुळे ज्यांना ते प्रदेश कधीच पाहायला मिळणार नव्हते, अशा दूरदेशीच्या वाचकांपुढेही खजुराहोची शिखरे आणि दतियाचा महाल स्वच्छ उभे राहिले.

ग्रंथकर्ता म्हणून नाव ग्रिफिन यांचे. राज्यकर्त्याने मजकूर लिहावा आणि एतद्देशीय नोकराने चित्रे पुरवावीत, ही त्या काळची रीत होती. परंतु शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्या मजकुराला संशोधनाने मागे टाकले आहे. चित्रांना मागे टाकणे कोणालाच शक्य झालेले नाही. कारण चित्रांत जे आहे ते पुन्हा त्या अवस्थेत दिसणार नाही. ग्वाल्हेरचा किल्ला तेव्हा ब्रिटिश फौजेच्या हाती होता; तो शिंद्यांना परत मिळाला तो १८८६ मध्ये, म्हणजे ग्रंथ निघाला त्याच वर्षी. सांचीला कोसळलेली तोरणे पुन्हा उभारण्याचे काम हेन्री कोल यांच्या देखरेखीखाली १८८१ ते १८८३ या काळात चालले होते, आणि जॉन मार्शल यांनी स्तूपाची व्यापक दुरुस्ती केली ती १९१२ नंतर. आज दिसणारी सांची आणि दीनदयाळांनी पाहिलेली सांची यांच्यामध्ये ही सारी कामे उभी आहेत. मोजमापाची सवय असलेल्या माणसाने त्या दोहोंतला फरक काचेवर नोंदवून ठेवला, हे पुढच्या अभ्यासकांचे भाग्य.

सरकारी नोकरीत अठरा-एकोणीस वर्षे काढल्यावर, चाळिशी उलटलेली असताना, दीनदयाळांनी निर्णय घेतला. १८८५ च्या सुमारास त्यांनी दीर्घ रजा घेतली आणि पुढे नोकरीतून निवृत्ती पत्करली. त्या काळी अशा नोकरीला मोठी प्रतिष्ठा होती आणि छायाचित्रण हा बेभरवशाचा धंदा मानला जाई. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून झालेली नेमणूक आणि हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा आश्रय यांनी हा निर्णय सावरला. १८८६ मध्ये सिकंदराबादला त्यांची चित्रशाळा निघाली, १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी एका इंग्रज बाईंच्या देखरेखीखाली स्वतंत्र चित्रशाळा निघाली, १८९६ मध्ये मुंबईत तिसऱ्या नगरातला व्याप सुरू झाला. निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. व्हिक्टोरिया राणीच्या नावे नेमणुकीचा मानही त्यांना लाभला.

दरबाराच्या या झगमगाटातही वास्तूंचा आणि रानावनाचा नाद सुटला नाही. निजामाच्या मुलखातील दृश्यांचे त्यांनी संग्रह तयार केले. गोवळकोंडा, वरंगळ, दौलताबाद, वेरूळ, औरंगाबाद असा त्यांचा विस्तार आहे. मराठवाड्याच्या वाचकाला त्यांत आपला मुलूख भेटतो : देवगिरीचा उभा तासलेला कडा, कैलास लेण्याचे अंगण, टेकड्यांच्या पायथ्याशी पसरलेले उघडे माळ. याच प्रांतावर शतकाच्या अखेरीस दुष्काळ कोसळला, तेव्हा निजाम सरकारच्या दुष्काळनिवारणाच्या कामांची छायाचित्रेही दीनदयाळांच्या चित्रशाळेने औरंगाबाद भागात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर परिसरात, घेतली. ती सरकारची कामगिरी दाखवण्यासाठी होती हे उघड आहे. तरीही रांगेत बसलेली माणसे त्यांत आहेत, आणि ती कामगिरीपेक्षा अधिक काही सांगतात.

त्यांच्या कामाची मर्यादाही इथेच दिसते. दीनदयाळ आयुष्यभर आश्रयदात्यांसाठी छायाचित्रे घेत राहिले. राजे, सरदार आणि साहेब यांची नावे चित्राखाली असतात. मंदिराच्या पायरीवर उभा असलेला गावकरी तिथे असतो तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. या माणसांना मोजपट्टीच्या जागी उभे करणे ही त्या काळच्या सर्वच वास्तुचित्रणाची पद्धत होती आणि दीनदयाळ तिला अपवाद नव्हते. मात्र प्रदीर्घ काळ त्यांनी जे काचेवर साठवले, त्यात हा नामहीन गावकरीही आपसूक सुरक्षित राहिला. त्याचे धोतर, डोईचे मुंडासे, मागे दिसणारी कच्ची वाट आणि पडक्या भिंतीतून उगवलेला पिंपळ यांची त्या काळची नोंद अन्यत्र शोधू गेले तर क्वचितच सापडते.

अखेरची वर्षे सुखाची गेली नाहीत. धाकटे चिरंजीव धरमचंद १९०४ मध्ये वारले आणि त्यानंतर वर्षभरातच, ५ जुलै १९०५ रोजी, दीनदयाळांनी देह ठेवला. थोरले चिरंजीव ज्ञानचंद यांनी व्यवसाय पुढे चालवला, पण पूर्वीचे वैभव राहिले नाही. काळाच्या ओघात प्रती जगभरच्या संग्रहांत विखुरल्या. मूळ काचपट्ट्यांपैकी २,८५७ पट्ट्या मात्र घराण्याकडून १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या आणि सुरक्षित झाल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

दीनदयाळांनी ग्रंथ लिहिला नाही, व्याख्याने दिली नाहीत, आपल्या कलेविषयी सिद्धान्त मांडला नाही. इमारतीसमोर योग्य जागी, योग्य प्रहरी उभे राहून जे आहे ते नीट उतरवून घेणे एवढेच त्यांनी केले. सचित्र ग्रंथांची जुनी पाने उलटताना बहुतेक वाचक लेखकाचे नाव पाहतो आणि चित्रे पाहतो. चित्रे कोणाची हे पाहायचे राहून जाते. मध्य भारताच्या बाबतीत तरी हे ऋण मान्य करायला हवे. पडलेल्या भिंती पुन्हा बांधता येतात, पण त्या कशा होत्या हे ज्याने दाखवून ठेवले त्याच्या आधारानेच.