योगाला प्रयोगशाळेत नेणारा शिक्षक

योगविद्या ही एकांतात, गुरूच्या मुखातून आणि अधिकारी शिष्यालाच मिळावयाची, असा संकेत आपल्याकडे शतकानुशतके रूढ होता. अशा विद्येला क्ष-किरणयंत्रापुढे उभे करण्याचे धाडस ज्यांनी केले, ते जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद, मूळचे ना सिद्धपुरुष होते ना डॉक्टर. संस्कृतचा व्यासंग असलेले ते एक शिक्षक होते, आणि ही गोष्ट त्यांच्या चरित्रात गौण नाही.

३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती ओढगस्तीची होती. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि बडोद्यास महाविद्यालयीन शिक्षण घेता आले. त्या काळचे बडोदे राष्ट्रीय विचारांनी भारलेले होते. अरविंद घोष तेथे अध्यापक होते, आणि जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव तरुणांची शरीरे घडवीत होते. १९०७ पासून सुमारे तीन वर्षे गुणे माणिकरावांच्या हाताखाली होते. देश बलवान व्हावयाचा तर देह बलवान हवा, ही निष्ठा तेथली. पुढे खानदेशात अमळनेर येथे त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्याला वाहून घेतले.

१९१९ मध्ये नर्मदातीरावरील मालसर येथे परमहंस माधवदासजींची भेट झाली आणि आयुष्याला वळण लागले. ज्या क्रिया गुरूंनी शिकविल्या त्यांचा अनुभव तर येत होता. पण अनुभव आला म्हणून कारण कळले असे होत नाही. सामान्य साधक येथे श्रद्धेवर थांबतो. गुण्यांमधल्या शिक्षकाला ते जमले नाही. १९२०च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया चालू असताना पोटातील हालचाली क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहण्यास आरंभ केला.

यातील जोखीम लक्षात घ्यावयास हवी. पडताळा म्हटला की तो उलटाही येऊ शकतो. शिष्याने गुरुपरंपरेतील एखादी समजूत मोजमापाने खोटी ठरविली, तर परंपरेच्या दृष्टीने तो द्रोही. आणि ती खरी ठरविण्याचाच हट्ट धरला, तर विज्ञानाच्या दृष्टीने तो ढोंगी. दोन्ही बाजूंनी टीका होण्याची तयारी ठेवूनच या मार्गाला लागणे शक्य होते.

फळ दोन्ही प्रकारचे मिळाले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, म्हणूनच बस्तिक्रियेत पाणी आत ओढले जाते, हे दाबमापकावर दिसून आले. या अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले. ज्या गोष्टीचे मोजमाप करण्याची गरज गुरूंना कधी भासली नव्हती, तिला त्यांचे नाव लागावे, हा गमतीचाच योग. उलट, प्राणायामाने शरीराला पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो ही लोकप्रिय समजूत मात्र प्रयोगांत टिकली नाही, आणि ते त्यांनी लपविले नाही. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले. प्रचारकाला हे परवडले नसते.

१९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. इंग्रजी निवडण्यामागे हेतू उघड होता: निष्कर्ष जगभरच्या शास्त्रज्ञांसमोर तपासणीसाठी जावेत. एकाच अंकात प्रयोगांचे अहवाल आणि आसनांचा सचित्र पाठ असे. संशोधक आणि सामान्य वाचक या दोघांना एकाच पंक्तीला बसविण्याचा तो प्रयत्न होता. १९२७ मध्ये रक्तदाबाने त्रस्त झालेल्या गांधीजींनीही त्यांचा सल्ला घेतला होता.

या कार्याच्या मर्यादा दृष्टीआड करणे हा त्यांच्याच वृत्तीवर अन्याय ठरेल. प्रयोगाला बसणाऱ्यांची संख्या थोडी, ते बहुधा आश्रमातलेच, आणि तुलनेसाठी योग न करणाऱ्यांचा वेगळा गट असावा ही दक्षता आजच्या इतकी काटेकोर नव्हती. कित्येक रोगांवरील उपयोगाबद्दलची त्यांची विधाने पुराव्याच्या मानाने पुढे गेलेली दिसतात. तरीही सिद्धींच्या चमत्कारांवर बेतलेल्या योगापेक्षा हा योग वेगळा होता, एवढे मान्य करावेच लागेल.

१९५० मध्ये लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय निघाले आणि योगशिक्षकाला परंपरेतील ग्रंथांबरोबर शरीररचनाही शिकावी लागू लागली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामींचे देहावसान झाले. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांच्या संस्थेतील संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून केलेल्या प्रयोगांचा निबंध प्रसिद्ध केला. जमिनीत गाडून घेणाऱ्या योग्यांच्या कथा ज्या विषयाभोवती पसरल्या होत्या, त्याच विषयाचा तो निबंध होता. त्यात आत साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण नोंदविले होते.