वहीतल्या आकड्यांनी साथ ओळखणाऱ्या नाइटिंगेलबाई

हातात दिवा घेतलेली परिचारिका म्हणून फ्लोरेन्स नाइटिंगेल आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण त्यांची आकड्यांची वही दिव्यापेक्षा जास्त कामाची ठरली, असं आम्हाला वाटतं.

१२ मे १८२० रोजी एका श्रीमंत इंग्रज घरात त्यांचा जन्म झाला. हिशेबाची, गणिताची आवड पहिल्यापासून. १८५४ मध्ये उस्मानी तुर्क, इंग्रज आणि फ्रेंच मिळून रशियाशी लढत होते. आजारी, जखमी इंग्रज शिपायांना इस्तंबूलच्या उस्कुदार भागात, तुर्कांच्या सेलिमिये बराकीत आणलं जाई. नोव्हेंबरात बाई ३८ परिचारिका घेऊन तिथं पोहोचल्या.

रात्रंदिवस मेहनत केली, तरी माणसं मरतच होती. गोळीपेक्षा जुलाब, कॉलरा आणि तापानं जास्त! बराकीखालची गटारं तुंबलेली, पाण्याच्या वाटेत मेलेलं जनावर. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ वर गेलं. मार्चमध्ये सरकारी आयोग आला, गटारं धुतली, पाणी साफ केलं. जूनमध्ये तेच प्रमाण शेकडा २ वर उतरलं.

युद्धानंतर विल्यम फार यांच्या मदतीनं त्यांनी महिनावार आकडे मांडले आणि १८५८ मध्ये रंगीत आकृती छापली. टाळता येणारे मृत्यू किती, ते त्यात उघड दिसत होतं. रोगाचं कारण त्या दूषित हवा समजत. तरी घाण कुठं साचली की साथ येते, हे त्यांनी अचूक ओळखलं.

हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. पण इथल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्न पाठवले: पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठं जातं? १८६३ च्या अहवालात गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ मृत्यू निघाले. पुढे खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. १९१० मध्ये त्यांचं निधन झालं.

युद्धानं पोळलेल्या येमेनमध्ये २०१८ साली पाऊस, वस्ती आणि पाणीपुरवठा यांच्या माहितीवरून कॉलऱ्याचा अंदाज आठवडे आधी बांधला गेला. वाट तीच, साधनं नवी.

आमच्या मिरजोळ्यात युद्ध नाही, पण पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतंच. वाडीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब सुरू झाले, तर लपवू नका. आशाताईंना त्याच दिवशी सांगा, विहिरीत टीसीएल पावडर पडली का ते विचारा आणि तोवर पाणी उकळूनच प्या. साथीची पहिली खबर घरातूनच निघते.