सागरतळाचे ओझे पेलणारा कारागीर

ऑगस्टस सीबे यांचा जन्म १७८८ मध्ये जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात झाला. बर्लिनमध्ये ते धातुकामात तरबेज झाले. प्रशियाच्या तोफखान्यात सेवा केल्यानंतर ते लंडनला स्थायिक झाले.

तेथे डीन बंधूंच्या कल्पनेनुसार त्यांनी पाणबुड्यांसाठी तांब्याचे शिरस्त्राण घडविले. त्याखालील अंगरखा तळाशी उघडा असे. पाणबुड्या अडखळून पडला, की पाणी आत शिरून जीव धोक्यात येई. १८३९ पासून कर्नल पॅस्ली यांच्या देखरेखीखाली स्पिटहेड येथे ‘रॉयल जॉर्ज’ या बुडालेल्या युद्धनौकेचे अवशेष काढले जाऊ लागले. त्या कामात सीबे यांच्या बंद, जलरोधक पोशाखाचा खरा कस लागला.

परंतु हवेने भरलेला पोशाख माणसाला वर ढकलतो. तळाशी पाय रोवायचे तर शिसे हवेच. म्हणून या पोशाखात छातीवर आणि पाठीवर समतोल वजने, पायांत शिशाच्या तळव्यांचे बूट अशी रचना रूढ झाली. शिरस्त्राणाचा भार रुंद स्कंधकवचामुळे दोन्ही खांद्यांवर विभागला जाई आणि कवचाखाली मऊ गादी असे. पाण्यात हे ओझे हलके भासे. शिडीवर मात्र सुमारे ऐंशी किलोंचा सारा संभार अंगावर येई. तो एका बाजूस कलला, तर माणूसही कले.

सीबे १८७२ मध्ये लंडनमध्ये निवर्तले. त्यांच्या धर्तीचा पोशाख पुढे शंभर वर्षे वापरात राहिला. आजचा पाणबुड्या सिलिंडरचे पट्टे खांद्यांवर, कमरेवर नीट आवळतो, तेव्हा तोही तोच जुना प्रश्न सोडवीत असतो.