प्रश्न विचारणारा मूळशंकर : स्वामी दयानंद सरस्वती

पुराणातली गोष्ट सांगताना एखादं पोर मध्येच विचारतं, हे खरंच घडलं होतं का? आपण बहुतेक जण त्याला गप्प बसवतो. मीही बसवलंय. म्हणून आज ही ओळख.

दयानंदांचा जन्म १८२४ चा, गुजरातमधील टंकारा गावचा. मूळ नाव मूळशंकर. चौदाव्या वर्षी महाशिवरात्रीला देवळात सगळे पेंगले, वडीलसुद्धा. हा मात्र उपाशीपोटी जागा. पिंडीवर उंदीर फिरताना दिसला, तसं वडिलांना उठवून त्याने विचारलं, जगाचं रक्षण करणारा देव उंदराला का हाकलत नाही? खरा महादेव कैलासावर असतो, असं वडिलांनी सांगितलं. पोराला ते पटलं नाही. तो घरी जाऊन सरळ जेवला!

१८४६ मध्ये घरात लग्नाची बोलणी सुरू झाली आणि तो निघून गेला. पुढे मथुरेत विरजानंद या अंध गुरूंकडे व्याकरण शिकला. हेच व्याकरण त्यांना कामी आलं.

इंद्र-अहल्येची गोष्ट घ्या. मुलांसमोर ती सांगताना आपली तारांबळ उडते. दयानंदांनी सांगितलं, हे रूपक आहे. अहल्या म्हणजे रात्र, कारण दिवस तिच्यात लय पावतो. गौतम म्हणजे तिचा सोबती चंद्र. इंद्र म्हणजे सूर्य. त्याला अहल्येचा जार म्हटलंय, पण जार म्हणजे जीर्ण करणाराही; सूर्य उगवला की रात्र विरतेच. कुमारिल भट्टांनी कित्येक शतकं आधी असाच अर्थ लावला होता.

मात्र ही सवलत वेदांतल्या कथांनाच. पुराणं त्यांनी साफ नाकारली. शिवाय तारयंत्र, विमान हेही ते वेदात शोधू लागले, तिथे मला त्यांच्याबरोबर जाता येत नाही.

१० एप्रिल १८७५ ला त्यांनी मुंबईत आर्य समाज स्थापन केला. त्याच वर्षी पुण्यात त्यांची व्याख्यानं झाली. न्या. रानडे पाठीशी होते, मिरवणुकीत जोतीराव फुले होते. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, चिखल फेकला. ३० ऑक्टोबर १८८३ रोजी, दिवाळीत, अजमेरला ते वारले.

इंद्राने वृत्राला मारलं, ही गोष्ट पावसाळ्यात वर्गात सांगून बघा. त्यांच्या मते वृत्र म्हणजे पाणी अडवून बसलेला ढग. पण हे आधी सांगू नका; फळ्यावर ढग आणि सूर्य काढा, कोण कोण ते मुलांनाच ओळखू द्या.