ऑटो लेहमान

बर्फ वितळले की त्याचे पाणी होते आणि पाणी तापले की त्याची वाफ होते. घन, द्रव व वायू या पदार्थाच्या तीन अवस्था सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु द्रवाप्रमाणे वाहणारा आणि तरीही स्फटिकाचे गुण अंगी असणारा पदार्थ असू शकेल काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते जर्मन शास्त्रज्ञ म्हणजे ऑटो लेहमान.

लेहमान यांचा जन्म १३ जानेवारी १८५५ रोजी कॉन्स्टान्झ या गावी झाला. त्यांचे वडील गणिताचे शिक्षक होते व त्यांना सूक्ष्मदर्शकाचा मोठा नाद होता. प्रयोग करावा आणि जे दिसेल ते टिपून ठेवावे, ही सवय मुलाला घरातच लागली. स्ट्रासबुर्ग येथे उच्च शिक्षण घेऊन लेहमान प्रथम शाळेत शिक्षक झाले व १८८३ पासून आखेन येथील उच्च विद्यालयात शिकवू लागले. पदार्थ तापवीत असतानाच तो पाहता यावा, असा सूक्ष्मदर्शक त्यांनी योजिला. त्यात त्यांनी ध्रुवित प्रकाशाचीही सोय केली. अशा प्रकाशात साधा द्रव काळोखा दिसतो, तर बहुतेक स्फटिक उजळून निघतात.

मार्च १८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिक राइनिट्झर यांचे एक पत्र त्यांना आले. कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ राइनिट्झर यांना विलक्षण वाटला होता. तो १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकाएकी स्वच्छ होई. एकाच पदार्थाला दोन द्रवणबिंदू कसे? लेहमान यांनी पाहिले, तो तो गढूळ द्रव स्फटिकाप्रमाणे उजळलेला दिसला. पुढच्याच वर्षी त्यांनी वाहत्या स्फटिकांविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कार्ल्सरूह येथे हाइनरिख हर्ट्झ यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली.

परंतु ही कल्पना सहजासहजी कोणी मानीना. स्फटिक म्हणजे घनच, असे विद्वानांचे मत होते. टामान यांच्यासारखे नामांकित शास्त्रज्ञ म्हणत, की हा दोन द्रवांचा मिश्र गढूळपणा आहे. लेहमान वादाला प्रयोगाने उत्तर देत राहिले. गाटरमान यांनी बनविलेले नवे शुद्ध पदार्थ त्यांनी तपासले. तेही तसेच वागले. द्रवात तरंगणाऱ्या इवल्याशा थेंबांकडे त्यांनी विशेष लक्ष दिले. प्रत्येक थेंबात प्रकाश व छाया यांची ठरावीक आकृती दिसे. त्यावरून थेंबातील रेणू विशिष्ट दिशांनी मांडलेले असले पाहिजेत, असे त्यांनी जाणले. चुंबकाजवळ ही रचना बदलते, हेही त्यांनी अभ्यासिले. १९०४ साली त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. या थेंबांत व सजीवांत त्यांनी शोधलेले साम्य मात्र पुढे टिकले नाही. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले, पण ते त्यांना लाभले नाही. १७ जून १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

लेहमान यांच्या हयातीत द्रवस्फटिकांचा व्यवहारात फारसा उपयोग नव्हता. १९८० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी असेच सूक्ष्म थेंब पॉलिमरच्या पातळ पटलात कोंडले. हे थेंब मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढे असतात. पटलाच्या दोन्ही बाजूंना वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप असतो. वीज नसताना प्रत्येक थेंबातील रेणूंची दिशा निराळी असते. त्यामुळे प्रकाश विखुरतो व पटल दुधासारखे पांढरे दिसते. विजेचा दाब दिला की सर्व थेंबांतील रेणू एका दिशेला वळतात. तेव्हा थेंब व पॉलिमर यांतून प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो आणि पटल स्वच्छ होते. वीज बंद होताच ते पुन्हा पांढरे होते. त्यातून उजेड आत येतो, पण पलीकडचे दिसत नाही. म्हणून कार्यालये, रुग्णालये व घरे यांतील खिडक्यांत अशा काचा वापरतात. पडदा ओढावा लागत नाही, कळ दाबली की पुरे.

लेहमान यांनी अशी काच कधी पाहिली नाही. त्यांनी थेंब पाहिले, आणि जे दिसले ते लोकांना पटेना तरी सोडले नाही. त्यांच्या चिकाटीचे फळ पुढच्या पिढ्यांच्या हाती पडले.