त्र्यंबकचा विद्यार्थी

त्र्यंबकेश्वर म्हटले की ब्रह्मगिरी, कुशावर्त आणि ज्योतिर्लिंगाचे प्राचीन देवस्थान डोळ्यांसमोर उभे राहते. गोदावरीच्या उगमाचे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या वेदपठण आणि संस्कृत अध्ययनासाठी ओळखले जाते. याच गावात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखतो.

आज नाशिकहून त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्यालगत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रकल्प पूर्ण करावा लागतो. कुणी छोटी मोटारगाडी बांधतो, कुणी संगणकाला बुद्धिबळातील पुढची चाल शोधायला शिकवतो. आधी विषय समजून घ्यायचा, लहान नमुना तयार करायचा, तो परीक्षकांपुढे चालवून दाखवायचा आणि मग मोठ्या कामाला हात घालायचा, अशी या प्रकल्पांची रीत असते. फाळके यांच्या काळी असा अभ्यासक्रम नव्हता, तरी त्यांचे सारे आयुष्य याच रीतीने गेले. फरक इतकाच की त्यांच्या प्रकल्पात गुणांऐवजी घरदार, दागिने आणि डोळ्यांची दृष्टी पणाला लागली होती.

शास्त्र्याच्या घरातील मुलगा

फाळके यांचे वडील गोविंदशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. मुलानेही शास्त्रांचे अध्ययन करावे, असे त्या घराचे वळण होते. परंतु धुंडिराजाचा ओढा लहानपणापासूनच चित्रकलेकडे आणि नाटकांकडे होता. मुंबईत संस्कृतच्या अध्यापनाची नोकरी मिळाल्याने वडिलांनी कुटुंब तेथे हलविले आणि मुलाला नवी वाट सापडली. १८८५ मध्ये त्याने सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे थोरल्या बंधूंसमवेत तो बडोद्यास गेला.

बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था सुरू केली होती. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर तिचे प्रमुख होते. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावे आणि शास्त्र शिकणाऱ्याच्या हाताला काम यावे, हा या संस्थेचा हेतू होता. फाळके यांनी तेथे तैलरंग व जलरंगातील चित्रे, मूर्तिकाम आणि वास्तुरचना यांचे शिक्षण घेतले. त्यांची धडपड पाहून गज्जर यांनी संस्थेचा छायाचित्रणाचा स्टुडिओ आणि ग्रंथालय त्यांना मोकळे करून दिले. काचेवर प्रतिमा कशी उमटते, ती रसायनांनी कशी पक्की होते, कागदावर कशी उतरते, हे त्यांनी स्वतः करून पाहिले. गज्जर यांनीच त्यांना रतलामला पाठवून तीन रंगांचे ठसे आणि शिलाछपाईचे तंत्र शिकण्याची सोय केली. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. विद्यार्थिदशेतील प्रकल्पाला मिळालेली ही पहिली पावती होती.

अपयशांची शिदोरी

पदक मिळाले, परंतु पोट भरण्याचा प्रश्न सुटला नाही. फाळके यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. बडोद्यास परतून त्यांनी पुन्हा कॅमेरा उभा केला, तर छायाचित्र काढल्याने माणसाच्या अंगातील शक्ती जाते, या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, नटांची रंगभूषा केली. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीची विद्या शिकून घेतली आणि आपले आडनाव उलटे फिरवून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांच्या आयुष्यातील मोठ्या उद्योगाचा निम्मा भार पुढे याच माउलीने उचलला.

पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांना नोकरी लागली होती. बंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या दिवसांत त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यात छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईशी त्यांचा संबंध आला. कारखाना पुढे दादरला आला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपाला चढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि १९११ मध्ये स्वतः वाढविलेल्या कारखान्यातून ते बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, हाती पैसा नाही आणि पुढे काय याचे उत्तर नाही, अशी ती अवस्था होती. ठसे, रसायने, रंगभूषा, पडदे आणि हातचलाखी या विद्या मात्र गाठीशी होत्या. त्या साऱ्या एकाच कामाला लागतील, याची कल्पना अजून त्यांनाही नव्हती.

वाटाण्याचा वेल

मुंबईला चलच्चित्रांचे खेळ नवे नव्हते. ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती ७ जुलै १८९६ रोजीच वॉटसन हॉटेलात दाखविल्या गेल्या होत्या आणि सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये कुस्तीच्या सामन्याचे चित्रणही केले होते. एप्रिल १९११ मध्ये फाळके यांनी गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात प्राण्यांविषयीची चित्रफीत पाहिली. दुसऱ्या दिवशी सरस्वतीबाईंना घेऊन ते पुन्हा गेले, तेव्हा पडद्यावर येशू ख्रिस्ताचे जीवन चालले होते. ते पाहताना राम आणि कृष्ण याच पडद्यावर यावेत, हा विचार त्यांच्या मनात रुजला आणि मग त्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही.

त्यांनी अभ्यास आरंभिला. स्वस्तातला एक लहान कॅमेरा आणि फिती मिळवून ते घरी प्रयोग करीत आणि रोज सायंकाळी चित्रगृहात जाऊन पडदा निरखीत. झोप आणि आहार यांचे भान राहिले नाही. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. वैद्यकीय उपचार आणि तीन-चार चष्मे यांच्या बळावर ती परत आली आणि फाळके पुन्हा कामाला बसले.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला निघाले. बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना चित्रनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रणापासून छपाईपर्यंतची सर्व कृती पाहून घेतली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फितीची मागणी नोंदवून ते परतले.

यंत्रे आली, परंतु चित्रपटासाठी भांडवल कोण देणार? येथे फाळके यांच्यातील विद्यार्थी कामी आला. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी रोवून ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चौकटी पडद्यावरून सरकत; म्हणजे एका मिनिटाच्या खेळासाठी सुमारे ९६० चौकटी लागत. महिनाभर त्यांनी हे व्रत निष्ठेने पाळले. फीत चालवताच माती दुभंगून कोंब वर आला, पाने फुटली आणि वेल पाहता पाहता चढू लागला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या प्रयोगाचे नाव. मोठा खर्च नाही, नट नाहीत, देखावे नाहीत. परंतु कॅमेरा, फीत, रसायने आणि छपाई या साऱ्यांवर या माणसाची हुकमत आहे, हे पाहणाऱ्याला मिनिटभरात पटत होते. ती पाहून कर्ज देणारे पुढे आले. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून निघाली.

दादरच्या घरातील कारखाना

‘राजा हरिश्चंद्र’चे काम दादरच्या त्यांच्या राहत्या घरीच चालले. फितीला भोके पाडायची, तीही अंधारात. एक भोक चुकले तरी पडद्यावर चित्र थरथरणार. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायने कालविणे, फीत धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हाचा उजेड परतविण्यासाठी पांढरी चादर धरून तासन्‌तास उभे राहणे आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे सारे त्यांनी केले. दिग्दर्शन करताना फाळके यांना कॅमेरा चालविणे शक्य नव्हते. त्यासाठी त्यांनी त्र्यंबकेश्वरचे आपले बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना बोलावले आणि कॅमेऱ्याची मूठ एका लयीत फिरवायला शिकविले. चित्रपटात काम करण्यास स्त्रिया तयार नव्हत्या. तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दाबके यांनी केली, तर रोहिदासाच्या भूमिकेत फाळके यांनी आपला मुलगा भालचंद्र याला उभे केले.

सुमारे ३७०० फूट लांबीचा हा चित्रपट सात महिन्यांच्या आत पूर्ण झाला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला आणि घरच्या कारखान्यातून एका उद्योगाचा जन्म झाला.

विद्यार्थ्याचा शिक्षक

त्याच वर्षी ऑक्टोबरात फाळके यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलविला. डोंगर, नदी, घाट आणि मंदिरे हाताशी असलेले नाशिक पौराणिक कथांना सोयीचे होते. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्री-कलावंत प्रथम पडद्यावर आल्या. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच फितीवर दोनदा चित्रण करून फाळके यांनी दैवी चमत्कार पडद्यावर साकारले. प्रोफेसर केल्फाची हातचलाखी आता कॅमेऱ्याच्या पोटात शिरली होती.

आपली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारी लहान चित्रफीत काढली. नटांना तालीम देण्यापासून फीत तपासण्यापर्यंतची कामे करताना फाळके स्वतः तीत दिसतात. ‘नवयुग’ मासिकात लेखमाला लिहूनही त्यांनी आपले अनुभव वाचकांपुढे ठेवले. १९१८ मध्ये भांडवलदारांच्या साह्याने नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली आणि प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले.

परंतु प्रयोगाच्या हिशेबात आणि धंद्याच्या हिशेबात मेळ बसेना. चांगल्या दृश्यासाठी फाळके खर्चाकडे पाहत नसत, भागीदारांना खर्चाकडेच पाहावे लागे. कंटाळून ते काशीला निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते कंपनीत परतले, तरी पूर्वीचा रंग भरला नाही.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलमआरा’ प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. ‘सेतुबंधन’ हा फाळके यांचा मोठा मूकपट नेमका याच संधिकाळात सापडला. पुढे त्याला आवाज जोडावा लागला. बोलपटाचे तंत्र नवे होते, त्याचा खर्च मोठा होता आणि फाळके साठीच्या पलीकडे गेले होते. तरीही कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. गोदावरीच्या उगमाशी जन्मलेल्या या माणसाचा अखेरचा चित्रपट गंगेच्या अवतरणाचा असावा, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या उद्योगाचा पाया त्यांनी घातला, तो तेव्हा भरभराटीला आला होता. ते स्वतः मात्र विपन्नावस्थेत आणि जवळजवळ विस्मृतीत गेले. शासनाने १९६९ मध्ये त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला आणि नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे राहिले.

नाशिक परिसरातील महाविद्यालयांतून दरवर्षी शेकडो प्रकल्प सादर होतात. त्यांतील बहुतेक परीक्षा संपताच कपाटात जातात, काही पहिल्याच चाचणीत बंद पडतात. तसा अनुभव आलेल्या विद्यार्थ्याने त्र्यंबकच्या या सुपुत्राची गोष्ट जरूर आठवावी. बुडालेला स्टुडिओ, सोडावा लागलेला छापखाना आणि रिकामी झालेली झोळी, एवढ्यातून गेल्यानंतर वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला होता.